सत्याग्रह थांबवायचा कुणी?

मुळा, मुठा, मोसे आणि आंबी या चार नद्यांची खोरी पुण्याच्या पश्चिमेला एकमेकींना खेटून आहेत, आणि आज या चारही नद्या अडवलेल्या आहेत. मुळेवर मुळशी, मुठेवर टेमघर, मोसेवर वरसगाव, आंबीवर पानशेत. पाण्याखाली गेलं तेही सारखंच: भाताची खाचरं, उतारावरची नाचणी-वरई, गावदेवाची देवळं. तरी मुळशीला सत्याग्रह आहे, ‘सेनापती’ आहे, अभ्यासकांची पुस्तकं आहेत. पानशेतला आहे ती १२ जुलै १९६१ ही तारीख. त्या दिवशी धरण फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटलं आणि पुण्यात पाणी शिरलं. धरणासाठी त्याआधीच उठवलेल्या गावांची बाजू कुणी मांडली, असा प्रश्नसुद्धा सहसा कुणी विचारत नाही.

अहिंसक आंदोलनांच्या पुढाऱ्यांची तुलना आपल्याकडे बहुधा त्यागाच्या हिशोबाने होते. तुरुंगवास किती, उपोषणं किती, लाठ्या किती. हा हिशोब मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. त्यागात सेनापती बापट कुणालाच हार जाणार नाहीत, आणि मुळशीचं धरण तरी उभं राहिलं. अहिंसेवरची निष्ठा हा दुसरा निकष. तोही लगेच अडखळतो. डॉ. आंबेडकरांनी अहिंसेला व्रताचा दर्जा कधी दिला नाही, पण महाडला मार खाऊनही हात न उगारण्याची जी शिस्त त्यांनी सांभाळून घेतली, ती व्रतस्थांनाही क्वचितच साधली. म्हणून इथे प्रश्न वेगळा घेतो. आंदोलन कुठे थांबवायचं, काय पदरात पडलं की थांबवायचं, हे ठरवण्याचा हक्क कुणाच्या हाती होता? पुढाऱ्याच्या, की ज्यांचं घरदार पणाला लागलं होतं त्यांच्या? सुरुवात करायला संताप पुरतो. पुढारी कळतो तो थांबण्याच्या वेळी.

मुळशीत हा प्रश्न सर्वांत उघडा पडला. टाटांच्या वीज कंपनीला मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचं होतं. पाणी पश्चिमेला कोकणात सोडून भिऱ्याला वीज करायची आणि ती मुंबईला द्यायची, अशी योजना. पन्नासएक गावं बुडणार होती. विनायकराव भुस्कुट्यांसारख्या पत्रकाराने गावोगाव फिरून आधी लोकांना जागं केलं, आणि १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, हजारभराहून जास्त मावळे कामाच्या जागी जाऊन बसले. काम बंद पडलं. गांधींनी ‘यंग इंडिया’त लिहून टाटांना सुचवलं की कायद्याने मिळालेल्या हक्कावर अडून न राहता त्यांनी लोकांशी बोलावं. इथवर सगळं पुस्तकी सत्याग्रहासारखं चाललं होतं.

काही महिन्यांनी काम पुन्हा सुरू झालं आणि दुसरी फेरी पेटली. या फेरीत मुळशीची गोम बाहेर आली. खोऱ्यातली बरीच जमीन कागदावर पुण्याच्या सावकारांची होती. कसणारा मावळा बऱ्याचदा कूळ. सत्याग्रहाचे पुढारी पुण्याचे, त्याला पाठिंबा देणारी वृत्तपत्रं पुण्याची, आणि सावकारही पुण्याचेच. राजेंद्र व्होरा यांनी मुळशीचा जो सविस्तर अभ्यास केला, त्यात त्यांनी याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं आहे. सावकाराला जमीन वाचवायची नव्हती, तिची किंमत वाढवून घ्यायची होती. मोबदल्याची बोलणी जमली तशी वरची माणसं सैल पडत गेली. मावळ्याला मोबदल्यात पैसा हवा नव्हता, त्याला खाचर हवं होतं. पण तडजोडीच्या टेबलावर त्याला खुर्चीच नव्हती. आंदोलन संपतंय की चालू आहे हे त्याला पुण्याहून कळायचं.

बापट या साऱ्यात फार विलक्षण दिसतात. पारनेरचा हा माणूस शिष्यवृत्तीवर एडिंबराला गेला, पॅरिसला बॉम्बची विद्या शिकून आला आणि मग मुळशीत सत्याग्रही म्हणून उभा राहिला. सावकारांचा स्वार्थ त्यांना शिवलेला नव्हता. त्यांच्यात तडजोडच नव्हती, आणि माझ्या मते त्यांची मर्यादाही हीच. बाकीचे पांगत गेले तसे ते अधिक एकटे आणि अधिक उग्र होत गेले. १९२४च्या डिसेंबरात त्यांनी मोजक्या साथीदारांसह शस्त्रं घेऊन कंपनीची गाडी रुळांवर अडवली, आणि सात वर्षांची सजा ओढवून घेतली. त्याआधीच गांधींनी हात काढून घेतला होता. त्यांनी दिलेली कारणं थोडक्यात अशी: बहुतेकांनी मोबदला घेतला आहे, धरण बरंचसं झालं आहे, आणि पुढारी अहिंसेवर पूर्ण विश्वास ठेवणारा नाही. पहिली दोन कारणं हिशोबाची आहेत, तिसरं तत्त्वाचं. तिन्ही खरी धरली तरी एक प्रश्न उरतोच: मोबदला न घेतलेल्या मावळ्याला कुणी विचारलं? गांधींनीही नाही आणि बापटांनीही नाही. एकाने लांबून सांगितलं की थांबा, दुसऱ्याने जवळून दाखवलं की मी थांबणार नाही.

बापटांची बाजू घ्यायची तर एवढं म्हणता येईल की त्यांनी आपली किंमत स्वतः मोजली, दुसऱ्याच्या अंगावर टाकली नाही. पंचाहत्तरीला टेकलेल्या वयात, १९५५च्या मे महिन्यात, ते ना. ग. गोऱ्यांच्या बरोबर गोव्याच्या सत्याग्रहात शिरले आणि पोर्तुगीज पोलिसांचा मार खाल्ला. तिथे हाती शस्त्र नव्हतं. माणूस तोच, पण त्या आंदोलनाला समिती होती, तुकड्या होत्या, कुणी कधी जायचं याचा ठराव होता. मला वाटतं बापटांना बांधून ठेवणारी संघटना मिळाली की ते उत्तम सत्याग्रही होत. संघटना सुटली की ते पुन्हा क्रांतिकारक होत.

भोरहून वरंधा घाट उतरलं की महाड येतं. अंतर थोडं, पण नेतृत्वाच्या रीतीत मुळशीपासून महाड फारच दूर आहे. २० मार्च १९२७ला चवदार तळ्याचं पाणी प्यालेल्या लोकांवर नंतर गावात हल्ला झाला. जमलेल्यांत पलटणीतून आलेले माजी सैनिक होते. उलट मारायची ताकद होती आणि मुभा मागणारेही होते. आंबेडकरांनी ती दिली नाही. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो डिसेंबर. सवर्णांनी तळं खासगी असल्याचा दावा लावला आणि कोर्टाकडून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. २५ डिसेंबरला परिषद भरली, मनुस्मृती जाळली गेली. हजारो लोक तुरुंगात जायच्या तयारीने, नावं नोंदवून बसलेले. कलेक्टर मंडपात येऊन बोलून गेला. आणि आंबेडकरांनी मांडलं की भांडण सरकारशी नाही, सवर्णांशी आहे. कोर्टाचा हुकूम मोडून दोघांनाही एकदम अंगावर घेण्यात शहाणपण नाही. लोक नाराज होते. चर्चा भर सभेत झाली, बाजूने आणि विरुद्ध भाषणं झाली, आणि मग सत्याग्रह तहकूब करण्याचा ठराव झाला. लोक तळ्याभोवती मिरवणूक काढून परतले. दाव्याचा शेवटचा निकाल हायकोर्टातून १७ मार्च १९३७ला लागला. तो त्यांच्या बाजूने होता, पण त्याला दहा वर्षं लागली.

असाच प्रसंग अमेरिकेत ९ मार्च १९६५ला घडला. अलाबामातल्या सेल्मा गावच्या पुलावर मार्टिन लूथर किंग दोन हजारांवर लोकांना घेऊन गेले, गुडघे टेकून प्रार्थना केली आणि सगळ्यांना मागे वळवून घेऊन आले. दोनच दिवसांपूर्वी त्याच पुलावर लोकांची डोकी फुटली होती. इथेही संघराज्याच्या न्यायाधीशाचा मनाई हुकूम होता आणि किंगना सरकारशी उघड वैर नको होतं. पण मागे फिरायचं हे आधीच ठरलंय याचा पत्ता मागून चालणाऱ्यांना नव्हता. तरुण कार्यकर्ते चिडले, आणि त्यांची चीड मला रास्त वाटते. पुढे आठवडाभरातच मनाई उठली, मोर्चा मॉन्टगोमेरीपर्यंत पोचला आणि ऑगस्टमध्ये मतदानाच्या हक्काचा कायदा झाला. म्हणून किंगची ती गोष्ट झाकली गेली. आंबेडकरांना लगेच यश मिळालं नाही, आणि तरीही त्यांच्या लोकांचा विश्वास तुटला नाही, कारण थांबण्याचा निर्णय त्यांच्यासमोर झाला होता. नेत्यांच्या तुलनेत किंगचं नाव आपण सहज वर लिहितो. या एका कसोटीवर मी महाडचं नाव वर लिहीन.

नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३०ला सुरू झाला आणि वर्षानुवर्षं चालला. तो रोज चालवणारा माणूस दादासाहेब गायकवाड. आंबेडकर मुंबईहून आणि लंडनहून पत्रं लिहीत. १९३४मध्ये आंबेडकरांनीच गायकवाडांना लिहून हा मार्ग आता सोडावा असं सुचवलं: देवळात शिरून आपला प्रश्न सुटत नाही, शक्ती राजकारणात आणि शिक्षणात लावावी. पुढाऱ्याने स्वतःच सुरू केलेली लढाई निरुपयोगी ठरली म्हणून सोडणं ही आपल्याकडची फार दुर्मीळ गोष्ट. पुण्याच्या पर्वतीवर १९२९च्या ऑक्टोबरात शिवराम जानबा कांबळे आणि पां. ना. राजभोज यांनी केलेला मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह दगडांनी परतवला गेला. पर्वती काळारामइतकी आठवली जात नाही. तिथे दूरच्या मोठ्या नावाची छाया नव्हती, एवढंच कारण असावं.

साने गुरुजींची गोष्ट अगदी दुसऱ्या टोकाची. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून १ मे १९४७ला त्यांनी उपोषण मांडलं. त्याआधी महिनोन्‌महिने महाराष्ट्रभर फिरून त्यांनी गावोगावची देवळं आणि विहिरी खुल्या करवल्या होत्या. गांधींना हे उपोषण मान्य नव्हतं आणि त्यांनी तसं कळवलंही. गुरुजींनी ऐकलं नाही. दहाव्या दिवशी, मावळंकरांच्या मध्यस्थीने, मार्ग निघाला. उपोषणात थांबण्याची किल्ली एका माणसाच्या पोटात असते. आजूबाजूच्यांना मत देण्याची जागा उरत नाही. त्यामुळे माझ्या कसोटीवर गुरुजी नापास व्हायला हवेत. ते होत नाहीत, कारण उपोषण हा त्यांच्या कामाचा शेवटचा टप्पा होता. त्याआधीच्या दौऱ्यात गावांनी आपला निर्णय देऊन टाकला होता. पंढरपूरचे बडवे तेवढे मागे राहिले होते. नंतरच्या काळात ज्यांनी उपोषण हे पहिलं पाऊल केलं, त्यांना गुरुजींचा दाखला देणं सोयीचं वाटतं. गुरुजींनी आधी केलेली पायपीट मात्र त्या दाखल्यात येत नाही.

आता पानशेत. १९५७मध्ये काम सुरू झालं तेव्हा सरकार आपलं होतं. हा फरक फार मोठा आहे. मुळशीत कंपनी होती, कंपनीच्या मागे इंग्रज होता. विरोध करणं हेच देशकार्य होतं. तीस-पस्तीस वर्षांनी शेजारच्या खोऱ्यात धरण हेच देशकार्य झालं आणि नाही म्हणणारा देशाच्या आड येणारा ठरला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने त्याच वर्षांत महाराष्ट्र ढवळून निघाला होता. ३० नोव्हेंबर १९५७ला नेहरू प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले, तेव्हा एस. एम. जोशींनी प्रचंड निदर्शनं शांततेत पार पाडली; एवढा जमाव रागात असताना ताब्यात ठेवणं हे त्यांचं मोठं कर्तृत्व. पण राज्य कुणाचं, या प्रश्नाने सगळं अवकाश व्यापलं होतं. त्या राज्यातल्या नद्यांखाली कुणाची घरं जाणार, हा प्रश्न मागे राहिला. मग पूर आला. पुण्याच्या पूरग्रस्तांसाठी वसाहती झाल्या, चौकशी आयोग बसले, लेख लिहिले गेले. धरणग्रस्त हा शब्द सार्वजनिक बोलण्यात रुळायला आणखी दशकभर जावं लागलं. सरकारनेही जलाशयांना नावं दिली ती तानाजीची आणि बाजी पासलकरांची; मावळातल्या वीरांची नावं, मावळातल्या बुडालेल्या गावांवर.

सत्तरच्या दशकात जे नेतृत्व उभं राहिलं ते वेगळ्या जातीचं होतं, आणि या आढाव्यात मला सर्वांत जास्त आदर त्याचाच वाटतो. बाबा आढाव, दत्ता देशमुख, नागनाथअण्णा नायकवडी, नंतर भारत पाटणकर. यांच्यापैकी बाबांचं नाव हमाल पंचायत आणि ‘एक गाव एक पाणवठा’ यांच्याशी जोडलं जातं. धरणग्रस्तांचं काम लोक विसरतात. या लोकांनी ‘धरण नको’ म्हटलं नाही. म्हटलं ते ‘आधी पुनर्वसन, मग धरण’. ऐकायला मवाळ वाटतं, पण त्यामागचा विचार धारदार होता: ज्यांना धरणाचं पाणी मिळणार, त्या लाभक्षेत्रातली जमीन ज्यांचं सगळं बुडलं त्यांना मिळाली पाहिजे. या रेट्यातून १९७६चा पुनर्वसन कायदा झाला, पुढे १९८६ आणि १९९९मध्ये तो नव्याने लिहिला गेला. कायदा झाला म्हणून जमीन मिळाली असं नाही. लाभक्षेत्रातले बागाईतदार हे सत्तेतले लोक, आणि त्यांच्या जमिनीला हात लावणं कुठल्याही सरकारला जड जाणारं. म्हणून कोयनेचं धरण साठच्या दशकात पुरं होऊनही त्याचे धरणग्रस्त २०१८मध्येही कोयनानगरला ठिय्या देऊन बसलेले दिसतात.

या कामात पुढाऱ्याला संकलन रजिस्टर वाचता यावं लागतं. कोण खातेदार, कोण वाढीव कुटुंब, कुणाच्या नावावर पर्यायी जमिनीसाठी मोबदल्यातली पासष्ट टक्के रक्कम भरली, कुणाला दाखवलेली जमीन खडकाळ निघाली. गावच्या बैठकीत यादी वाचली जाते आणि नाव चुकलेला माणूस उभा राहून ओरडतो. हे ओरडणं मुळशीत नव्हतं. लढा कधी थांबायचा ते ठरवण्याची ताकद लोकांकडे आली ती भाषणांतून नव्हे, या याद्यांमधून. अशा पुढाऱ्यावर चित्रपट निघत नाही, हे मान्य.

नर्मदेवर ‘आधी पुनर्वसन’ आणि ‘धरण नको’ या दोन्ही वाटा एकाच वेळी चालल्या, म्हणून तुलनेला ती जागा फार उपयोगी. गुजरातेत आर्च-वाहिनी या संस्थेने आदिवासींच्या बाजूने भांडून, अतिक्रमित जमीन कसणाऱ्यालाही पाच एकर मिळावेत असं धोरण गुजरात सरकारकडून १९८७मध्ये पदरात पाडून घेतलं आणि मग धरणाचा विरोध सोडला. मेधा पाटकरांनी तीच वेळ उलट वाचली: पुनर्वसन होऊच शकत नाही, तर धरणच चुकीचं. महाराष्ट्रातलं मणिबेली या निर्धाराचं ठाणं झालं. जागतिक बँकेने नेमलेल्या समितीने १९९२मध्ये प्रकल्पावर ताशेरे ओढले आणि १९९३मध्ये बँकेचं कर्ज थांबलं, असं यश जगात क्वचित कुणाला मिळालं असेल. पण २०००मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बांधकामाला परवानगी दिली आणि २०१७मध्ये धरणाचं लोकार्पणही झालं. ‘धरण नको’ ही मागणी पुढाऱ्याला थांबण्याची जागाच ठेवत नाही. भिंत पूर्ण झाली की हरल्यासारखं दिसतं. तरी आंदोलनाच्या धाकामुळेच महाराष्ट्रातल्या धडगाव-अक्कलकुवा भागातल्या कुटुंबांना जमिनी मिळाल्या, आणि आंदोलनाने काढलेल्या जीवनशाळांतून मुलं शिकली. मेधाताईंना हरलेल्यांत घालणाऱ्यांनी या दोन गोष्टी मोजलेल्या नसतात. आर्च-वाहिनीला फितूर म्हणणाऱ्यांनीही पाच एकरांची गोष्ट मोजलेली नसते.

अलीकडच्या काळावर फार थांबायला नको. बापटांच्याच पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे महाराष्ट्रात माहितीच्या अधिकारासाठी लढले, ते काम टिकलं. २०११च्या ऑगस्टमधलं रामलीला मैदानावरचं उपोषण सगळा देश बघत होता, पण ते कुठे थांबायचं हे मैदानावर बसलेल्यांना विचारलं जात नव्हतं; व्यासपीठामागे ठरत होतं. २०१६चे मराठा मूक मोर्चे उलट टोकाचे: लाखो माणसं, घोषणा नाही, आणि पुढारीही नाही. शिस्त थक्क करणारी होती. पण सरकारशी बोलायला माणूस कोण, हे ठरवता आलं नाही, आणि ती पोकळी काही वर्षांनी एका उपोषणकर्त्याने भरून काढली. २०१८च्या मार्चमध्ये किसान सभेचा नाशिक ते मुंबई मोर्चा निघाला, दहावीच्या परीक्षेला त्रास नको म्हणून शेतकरी रात्रीत चालून आझाद मैदानावर पोचले. मागण्या लेखी मान्य करून घेऊन घरी गेले. त्या मागण्यांची अंमलबजावणी रखडली तेव्हा पुन्हा निघाले. थांबणं म्हणजे संपणं नव्हे, हे संघटनेला कळतं. एकट्या पुढाऱ्याला ते कळायला कठीण जातं.

आणि पुन्हा मोसे खोरं. पानशेतच्या शेजारी, वरसगाव धरणाच्या वरच्या अंगाला, लवासा नावाचं डोंगरी शहर उभं राहू लागलं, तेव्हा कातकरी, धनगर आणि छोट्या शेतकऱ्यांच्या जमिनींवरून वाद पेटला. या वेळी मात्र खोऱ्याला नावाजलेले पाठीराखे मिळाले. मेधा पाटकर आल्या, जनआंदोलनांच्या राष्ट्रीय समन्वयाचे कार्यकर्ते आले, मुगाव-दासव्याच्या बायका पत्रकारांसमोर उभ्या राहून बोलल्या. २०१०च्या नोव्हेंबरात केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस काढली. वर्षभराने अटींसह परवानगी दिली. आंदोलन चालू राहिलं, बांधकामही चालू राहिलं. शेवटी २०१८मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि इमारती अर्धवट उभ्या राहिल्या. खोऱ्यातलं काम थांबवलं ते थकलेल्या देण्यांनी. त्या दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात बँका आपला दावा मांडू शकतात, घर घेतलेले ग्राहक मांडू शकतात. जमीन गेल्याची तक्रार करणाऱ्या कातकऱ्याला तिथे धनको म्हणून उभं राहता येत नाही. मुळशीच्या मावळ्याला जी खुर्ची १९२३मध्ये मिळाली नव्हती, ती इथेही रिकामीच आहे, आणि कुणा पुढाऱ्याने ती मागितल्याचं अजून तरी ऐकू आलेलं नाही.